पन्नास पँटींची शर्यत

यशोधरा मास्टर झाली त्याला अकरा दिवस झाले होते, आणि अकराही दिवस तिचं डोकं भणभणत होतं. बरं, तक्रार तरी काय करणार? डोक्यावर पंखा, बसायला खुर्ची, शिवायचं काही नाही, फक्त दुसऱ्यांचं काम तपासायचं. अशा खुर्चीसाठी लोक जीव टाकतात. हिला मात्र तिथे दोन मिनिटं धड बसवत नव्हतं.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये लछूशेठचा जीन्स शिवायचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची लांबडी शेड. डावीकडे सहा मशिनी, उजवीकडे सहा, मधे निळ्या कापडाचे ढीग. अंबरनाथच्या मोरिवलीहून शेअर रिक्षाने यायची यशा, आणि नऊ वर्षं डाव्या रांगेतल्या पहिल्या मशीनवर बसायची. बरोबर समोर, उजव्या रांगेत, उमा. दोघींचं गूळपीठ असं की एकीचा डबा दुसरीनेच उघडावा. पण हात कुणाचा फास्ट, हा विषय निघाला की शेडमधलं कुणीही डोळे मिटून सांगायचं, "उमाचा. यशा पण चांगली आहे, पण उमा ती उमा." हे 'पण चांगली आहे' ऐकून ऐकून यशाचे कान किटले होते. अरे, चांगली आहे म्हणजे काय? उपकार करताय का?

एका गोष्टीत मात्र ती सगळ्यांच्या वर होती. २००६ साल, लोडशेडिंगने नुसता उच्छाद मांडलेला. लाइट सगळी गेली तर निदान सगळे मिळून शिव्या घालतात. पण कधी कधी एकच फेज जायची, म्हणजे एका रांगेच्या मशिनी चालू आणि दुसरी रांग ठप्प. मग बोर्डावरचा फ्यूज काढून चालू फेजच्या खाचेत बसवायचा. दोन मिनिटांचं काम. पण आकाश नावाच्या कारागिराला तिथे एकदा असा झटका बसला होता, की त्यानंतर बोर्डाकडे कुणी बघायलाही तयार नव्हतं. यशाचे वडील भीमराव जन्मभर कंपनीत वायरमन. तिला कसली भीती? 'यशे, फेज गेली' अशी हाक आली की ती उठायची, फ्यूज बदलायची, परत येऊन पुढची शिलाई मारायची. रोजचंच होतं ते.

जुने मास्टर दौलतराव काम सोडून गावी गेले आणि खुर्ची रिकामी झाली. शेठला उमाही हवी, यशाही हवी. तो म्हणाला, "झगडा नहीं मंगता, साईं. दोघी पन्नास-पन्नास पँट घ्या, मागचे खिसे लावा. जिचं आधी संपेल ती मास्टर."

यशाने त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही. मान खाली घातली आणि सुटली. समोर बघायचंच नाही, उमाचा ढीग मोजायचाच नाही, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. हात असा चालत होता की तिचं तिलाच नवल वाटलं. आणि मधेच उजव्या रांगेची घरघर एकदम थांबली.

"यशे, फेज गेली गं!" उमाची हाक आली.

यशाला ऐकू आलं का? आलं. स्वच्छ आलं. तिच्या मनात आलं, आज मी शर्यतीत आहे, मी काय वायरमन आहे इथली? उठेल दुसरं कुणीतरी. दुसरी हाक आली. तिसरी आली. शेठ बाहेर ओट्यावर फोनवर बोलत होता. दुसरं कुणी उठलं नाही. यशाही उठली नाही. वीस मिनिटांनी फेज आपसूक आली, तेव्हा तिची पन्नासावी पँट होऊनही गेली होती.

मशीनच्या आवाजात तिला ऐकूच आलं नसणार, असं सगळेच धरून चालले. कुणी विचारलंसुद्धा नाही! उमाने पेढा खाल्ला, "छान झालं" म्हणाली आणि कामाला बसली.

मग सुरू झालं ते 'नशीब'. चहावाला म्हणतो नशीब, रिक्षावाला म्हणतो नशीब. "नशीब काढलंस बाई, बरोबर तिचीच फेज गेली!" नशीब कसलं डोंबलाचं! नऊ वर्षं बोटं झिजवली ती काय उगाच? यशा शेठकडे गेली, म्हणाली, शर्यत परत लावा. शेठ हसला. "माल कधीच गेला. गिऱ्हाईक विचारतो का, लाइट कोणाकडे होती?" घरी नवरा, राजेंद्र, म्हणाला, "तू थोडीच फेज घालवलीस?" ती त्याच्यावर अशी खेकसली की त्याने ताट उचललं आणि ओट्यावर जाऊन जेवला. काय करणार बिचारा? घालवली नव्हतीच तिने. नुसती उठली नव्हती.

अकराव्या दिवशी दुपारी डबा खाताना तिला राहवलं नाही.

"उमे, मला ऐकू आलं होतं."

"माहितीये," उमा म्हणाली. "दुसऱ्या हाकेला तुझी मान अजून खाली गेली. मी समोरच बसते ना."

"मग बोलली का नाहीस? बोंब मारायची! शेठला सांगायचं!"

"काय सांगायचं? उठली नाही म्हणून? तुझ्यावर सक्ती होती का उठायची?"

"मग चल. आत्ता लावू शर्यत. पन्नास नाही तर शंभर घे."

"कशाला उगाच?" उमाने डब्याचं झाकण लावलं. "फेज गेली तेव्हा माझ्या एकोणतीस झाल्या होत्या. हात रिकामे पडले, म्हणून तुझा ढीग मोजत बसले. पस्तीस झाल्या होत्या तुझ्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा तू माझ्या पुढे होतीस, यशे, आणि चांगली सहा पँटींनी. मला वाटलं, आता ही उठेल, माझी फेज जोडेल आणि तरीही मला हरवेल."

"मग हे सांग ना सगळ्यांना!" यशा जवळजवळ ओरडलीच. "पस्तीस होत्या म्हणून सांग!"

"आता सांगून कोण मानणार?" उमा म्हणाली, आणि हात धुवायला नळावर गेली.