शोभाताईंच्या स्लॅबवरची सावली

संगमनेरला एसटीतून उतरलो तेव्हा अंगात त्राण उरलं नव्हतं. चंदनापुरी घाटाच्या अलीकडे गाडी बंद पडली आणि दुसरीत उभ्यानं यावं लागलं. एवढा आटापिटा कशासाठी, तर एक गच्ची बघायला! पुण्यातल्या आमच्या सोसायटीला वर बागही हवी आहे आणि सोलर पॅनेलही, आणि नसते उद्योग अंगावर घ्यायची माझी खोड काही जात नाही.

ती गच्ची शोभाताईंची. त्यांचं घर प्रवरेकडे उतरणाऱ्या एका गल्लीत आहे. त्यांच्या यजमानांना अर्धांगवायू झालेला. स्लॅबखालच्या खोलीत ते पडून असतात. उन्हाळ्यात ती खोली नुसती भट्टी व्हायची. म्हणून ताईंनी स्लॅबवर मातीचे वाफे केले आणि त्यांच्या वर उंच खांबांवर पॅनेल बसवले. खाली मेथी, पुदिना, कोथिंबीर.

"मेथी-कोथिंबिरीचं माळवं घरचं, लाईट घरची, अन् ह्यांना दुपारची झोप लागाया लागली," ताई म्हणाल्या. "आता समदं काढा म्हनत्यात."

नगरपरिषदेची नोटीस आली होती, आणि तीही ताईंच्याच पाहुणचारामुळे. पहिल्या पाहणीला साहेब आले तेव्हा त्यांना ऊन लागू नये म्हणून ताईंनी पॅनेलच्या कडेनं जुनी लुगडी बांधली, सतरंजी अंथरली, पोहे दिले. साहेबांनी फोटो काढले. फोटोत दिसली ती आडोसा केलेली, बसाउठायची शेड. शेड म्हणजे विनापरवाना बांधकाम.

"मान्साला उन्हात उभं करायचं व्हय?" ताई मला विचारत होत्या.

फेरपाहणी नेमकी त्याच दुपारी होती. साहेब घामाघूम होऊन जिना चढले, माझ्याइतकेच दमलेले.

"नियमात पॅनेल बसतं, गच्चीवरची बागही बसते," ते म्हणाले. "एकाखाली दुसरं असलं तर काय, ते कुठं धड लिहिलेलं नाही. मी तरी काय करू?"

"ह्यांची खोली परत तापंल, साहेब."

साहेबांनी वाकून वाफ्यातली माती चाचपली. "ठेवा. भाजी लावा, खुडा. फक्त आडोसा करायचा नाही आणि इथं कुणाला बसवायचं नाही."

"पाव्हन्यालाबी न्हाई?"

"पाहुण्याला तर मुळीच नाही."

खोली वाचली. तरी ताईंचा चेहरा उतरला. मला त्यांनी मागच्या पत्र्याच्या स्वयंपाकघरात जेवायला वाढलं. ज्वारीची भाकरी, वरचीच मेथी.

"वर गारवा हाय, अन् तुमाला इथं घामात बसवलं. लई वंगाळ वाटतंय."

मी आणखी एक भाकरी मागून घेतली. त्यांच्यासाठी जीव तुटत होता, पण साहेबांवर रागही धरता येईना.

परतताना गाडीत बसायला जागा मिळाली, झोप मात्र लागली नाही. सोसायटीला काय सांगायचं याचा विचार करत होतो. आमच्या गच्चीला बारा महिने कुलूप असतं. कुणाचा पाहुणा तिथं कधी बसलेला नाही. आमचं काम पहिल्याच पाहणीत होऊन जाईल.