मार खाण्याची नोकरी

सेगावासानांचा आणखी एक चेंडू दत्तानं कुंपणापलीकडच्या बाभळीत घातला आणि कदमसाहेब माझ्याकडे वळले.

"फारूकभाई, तुम्ही तर म्हणला होता हा जपानचा प्रोफेशनल बॉलर हाय."

"पिचर, साहेब."

"कायबी म्हणा. पोरगं धुतंय त्याला."

मी जपानी भाषेचा गाइड आणि दुभाषा. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरलंय, हे जपानी पर्यटकांना सांगता सांगता माझाच घसा कोरला गेलाय. कदमसाहेब आमच्याकडच्या एका बेसबॉल संघटनेचे अध्यक्ष. बेसबॉलशी त्यांचा संबंध एवढाच, की क्रिकेटची खुर्ची दुसऱ्यानं आधीच धरली होती. आणि सेगावा हे जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेले पिचर, म्हणजे बेसबॉलमधले गोलंदाज. 'सान' म्हणजे आपलं 'जी'. पहिल्या भेटीत मी "हे सेगावासान" म्हणालो, तर साहेब म्हणाले, "सान? थोर नाय का कोणी मिळाला?"

लेणी बघून विमानतळावर जाताना मुकुंदवाडीजवळच्या मैदानात सेगावासानांना बेसबॉल खेळणारी पोरं दिसली. त्यांनी गाडी थांबवायला लावली. विमान गेलं, हे उभेच. मग मला म्हणाले, "मला इथं कोच म्हणून राहता येईल का?" जपानात क्लबनं त्यांना वय झालं म्हणून घरी बसवलं होतं. त्यांना मैदान हवं होतं, मग ते कुठलंही चाललं असतं. मी आपला भोळेपणानं साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, आधी ट्रायल.

ट्रायलला सगळी टीम जमली. साहेब खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सांगा त्याला, इतकी वर्षं जे काम केलं तेच करून दाखव म्हणावं."

मी शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं. सेगावासानांनी टोपी काढली, वाकून नमस्कार केला आणि काम सुरू केलं. समोर पाचोडचा दत्ता. बरेच दिवस त्याच्या बॅटला चेंडू लागत नव्हता. टीममधून त्याला काढायचं जवळजवळ ठरलंच होतं. त्याच दत्ताच्या बॅटमधून आता टणाटण आवाज यायला लागला.

"सेगावासान, हे काय चाललंय?" मी जवळ जाऊन विचारलं.

"काम," ते म्हणाले.

मग उलगडा झाला. शाळेत असताना सेगावा मोठे स्टार. क्लबनं उचललं, मुख्य संघात काही हंगाम गाजवले. मग कोपराचं ऑपरेशन झालं आणि वेग गेला. क्लबनं त्यांना काढलं नाही, 'बॅटिंग पिचर' म्हणून ठेवलं. ही जपानातली खास पगारी नोकरी. सामन्याआधी आपल्याच संघाच्या फलंदाजांना त्यांच्या आवडीच्या जागी चेंडू टाकायचे, म्हणजे त्यांचा हात बसतो, उमेद वाढते. जितका जास्त मार खाल तितकं काम चोख. उरलेली सगळी कारकीर्द त्यांनी हेच केलं होतं.

मी हे साहेबांना समजावलं. साहेब खुर्चीतून पडायचे राहिले.

"मार खायचा पगार देतेत व्हय तिकडं? आपल्याकडं तर फुकट मिळतो!"

"साहेब, आता त्यांना खराखुरा चेंडू टाकायला सांगतो."

"सांगा. दत्त्याला आउट केला तर कोच. नाय तर राम राम. आन् दत्त्या, आउट झालास तर तुझाबी राम राम."

एका दगडात दोन पक्षी मारायची साहेबांना हौस. दगड दुसऱ्याचा असला म्हणजे झालं.

मी सेगावासानांना सगळं सांगितलं, दत्ताचंही. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पोरावर दया करतील. तसं काही नव्हतं. त्यांना ती नोकरी हवीच होती, जबडा आवळलेला स्पष्ट दिसत होता. त्यांनी जीव खाऊन चेंडू टाकला. तो गेला थेट दत्ताच्या बॅटवर. पुढचाही तिथंच. त्याच्या पुढचाही. त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ऐकत नाही." याचं भाषांतर मी केलं नाही, कुणी मागितलंही नाही.

"पाचोडच्या पोरानं जपान हरवला!" साहेब ओरडले. दत्ताचा टीममधला नंबर पक्का झाला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. फोटोत कडेला सेगावासानांची टोपी आली होती, तीही कापली.

गाडीत बसताना दत्ता धावत आला. डोळे भरलेले.

"चाचा, त्यांना सांगा, माझ्यामुळं त्यांची नोकरी गेली. मी मुद्दाम आउट व्हायला पायजे होतं. पर मला नाय जमलं."

मी सांगितलं. सेगावासान गाडीतून खाली उतरले आणि अगदी कामाच्या आवाजात म्हणाले, "त्याला विचारा, चेंडू हवे तिथं येत होते ना?"

दत्ता शर्टच्या बाहीनं नाक पुसत म्हणाला, "लई मस्त येत होते, सर."

सेगावासानांनी त्याला कमरेत वाकून नमस्कार केला. दत्तानं वाकून त्यांचे पाय धरायला बघितलं, तर दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

सेगावासान जपानला परतले. दत्ता राज्याकडून खेळला, पुढे खेळाडू कोट्यातून सरकारी नोकरीला लागला. त्याच्या सत्कारात कदमसाहेब बराच वेळ बोलले. हा खेळाडू आपण कसा हेरला, कसा घडवला, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. मी श्रोत्यांत होतो. भाषण मराठीत असल्यामुळे दुभाष्याची गरज नव्हती.

एवढं मात्र कळलं. एका माणसाला उभं करायला दुसऱ्या कुणालातरी मनापासून मार खावा लागतो. ती माणसं सत्काराच्या दिवशी गावात नसतात, म्हणून तर सत्कार इतके सुरळीत पार पडतात.