गुरुवारचा उपास

वेरूळच्या अलीकडं माळावर सात घरांची एक वस्ती आहे. घरं ज्याची त्याची, पण चूल एकच. शहरातल्या पुंडलिकनगरात वर्षानुवर्षं शेजारी राहिलेल्या, नोकऱ्या संपलेल्या माणसांनी मिळून जमीन घेतली आणि ठरवलं, म्हातारपण एकमेकांच्या आधारानं काढायचं. गायी कुणी बघायच्या, भाजीचे वाफे कुणी, अन् स्वयंपाक पाळीपाळीनं.

हा विचार सगळ्यांच्या गळी उतरवला वच्छलाबाईंनी. त्यांचे यजमान सर्जेराव चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. जातपात आपण शहरातच सोडून आलो, असं वच्छलाबाई पहिल्या बैठकीत म्हणाल्या होत्या, आणि ते मनापासून म्हणाल्या होत्या.

गुरुवारची पाळी भामाबाईंची. त्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. घरात बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर. पहिल्या गुरुवारी त्यांनी येसराची, भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची, आमटी केली. सगळ्यांची ताटं वाढून झाली, आणि वच्छलाबाईंचा हात घासाकडं जाईना. इतक्या वर्षांच्या शेजारात भामाबाईंच्या हातचं जेवायची वेळ कधी आलीच नव्हती, किंवा त्यांनी ती येऊ दिली नव्हती. त्या बोलून गेल्या, "आज माझा उपास हाय."

एकदा म्हटल्यावर दर गुरुवारी पाळणं आलं. पुढच्या खेपेला भामाबाईंनी आठवणीनं साबुदाणा भिजवला, खिचडीची वाटी पुढं केली. वच्छलाबाई म्हणाल्या, मी नुसत्या फळांवर राहते. भामाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, वाटी उचलली आणि आत नेली. पुन्हा आग्रह केला नाही. काही दिवसांनी त्यांनी सगळ्यांना सांगितलं की गुडघे धरतात, चुलीपाशी उभं राहवत नाही, मला भाजीचे वाफे द्या. लोकांनी माना डोलावल्या. गुडघे धरणारं माणूस वाफ्यात उकिडवं कसं बसणार, हे एकट्या वच्छलाबाईंच्या ध्यानात आलं. त्यांनीही मान डोलावली.

पुढच्या वर्षी सर्जेरावांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून घरी आणल्यावर भामाबाई रोज येत. अंग पुसत, हात-पाय हलवून घेत. एका दुपारी वच्छलाबाई धुणं वाळत घालून आल्या, तर भामाबाई घरून करून आणलेली पेज चमच्यानं सर्जेरावांना भरवत होत्या. वच्छलाबाई दारातच थबकल्या. या बाईचे पाय धरावेत असं वाटलं. तोंडातून मात्र एवढंच निघालं, "किती प्याले?"

उद्या बोलू, परवा बोलू असं म्हणता म्हणता सर्जेराव काठी घेऊन चालायला लागले. तोवर भामाबाईंच्या लेकीला, अपेक्षाला, बाळ झालं. भामाबाई शहरात तिच्याकडं गेल्या त्या गेल्याच. त्यांच्या घरात दुसरं जोडपं राहायला आलं.

वच्छलाबाईंना राहवेना. एका सकाळी त्या एसटीनं शहरात गेल्या. भामाबाई बाळाचे कपडे घडी घालत होत्या. त्यांनी बसायला चटई टाकली, सर्जेरावांची तब्येत विचारली. वच्छलाबाई नुसत्याच पदराशी चाळा करत बसल्या, तेव्हा भामाबाईच म्हणाल्या, "उपासाचं सांगायला आलात ना?"

"ठाऊक होतं तर बोलला का नाहीत, भामाताई?"

"जलमभर आम्हीच बोलत आलो. वाटलं, तिथं तरी आधी तुम्ही बोलाल."

वच्छलाबाईंचे डोळे भरले. आज मला तुमच्या हातचं जेवू घाला, असं त्या म्हणाल्या.

"आज नाय," भामाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हाला हलकं वाटावं म्हणून मी चूल पेटवू का?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. निघताना त्या फाटकापर्यंत सोडायला आल्या, स्टॅंडकडं जाणारी रिक्षाही त्यांनीच थांबवली. परत या, असं मात्र म्हणाल्या नाहीत.

वच्छलाबाई दिवस कलताना घरी पोचल्या. सर्जेराव ओट्यावर बसले होते. त्यांच्या शेजारी टेकून त्यांनी सगळं सांगितलं. सर्जेरावांनी समोरच्या वाफ्यांकडं पाहिलं.

"मला कळत होतं," ते म्हणाले. "गुरुवारी मी पोटभर जेवायचो. तुला एका शब्दानं काय म्हणलो नाय."

स्वयंपाकघरातून जेवायची हाक आली. दोघंही उठली नाहीत. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा वच्छलाबाई डोळे पुसून उठल्या. त्या दिवशी वाढायची पाळी त्यांचीच होती.