मी लांबवलेल्या तारखा

रेवाचा श्वास अडकतोय, गाझियाबादच्या इस्पितळात नेतोय, असा तिच्या मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी नोएडातल्या घरी दुपारचा चहा घेत होतो. पोचलो तोवर ती गेली होती. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात शिरली होती. सव्वीस वर्षांची माझी भाची... शोकसभेत आमच्या दिल्लीकर मराठी मंडळींनी माझंच कौतुक केलं. "मामांनी डॉक्टर शोधायला किती वणवण केली हो!" मी हात जोडून ऐकत राहिलो. त्या जोडलेल्या हातांची मला अजून शिसारी येते. म्हणून हे लिहितोय.

रेवा जालन्याहून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी माझ्याकडे आली तेव्हा सगळे तिला मुलगा समजत होते. तिचं जुनं नाव मी इथे लिहिणार नाही, तिला ते नको होतं. एका सकाळी पोहे खाता खाता ती म्हणाली, "मामा, मी मुलगी आहे. मला डॉक्टर शोधायचाय. याल सोबत?" मी गेलो. पहिल्या डॉक्टरने तपासणं सोडून कंपाउंडरला आत बोलावलं आणि ती म्हणजे काही गंमत असावी तशी त्याला दाखवली. दुसरा म्हणाला, "शादी कर लो, सब ठीक हो जाएगा." एका चकचकीत इस्पितळात स्वागतकक्षातल्या बाईने ते जुनं नाव तीनदा ओरडून पुकारलं, रांगेतली माणसं खिदळली. मला संताप आला, पण मी मान खाली घालून उभा होतो.

"तुमची कुणाशी ओळख नाही का, मामा?" तिने विचारलं. होती. हार्मोनचा नावाजलेला डॉक्टर माझा जुना मित्र. त्याला मी आधी एकटाच भेटलो. चौतीस वर्षं दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात काढलेला माणूस मी. आमच्याकडे फाइल सहसा नाकारत नाहीत. एखादी शंका काढून परत पाठवतात, मग आणखी एक. अर्जदार आपणच थकतो. मी मित्राला म्हणालो, "नाही म्हणू नकोस. नुसतं लांबव. उतरेल डोक्यातलं खूळ." तो हसला. "समजलो. क्वेरी मारत राहतो."

त्याने इमानाने लांबवलं. मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र आणा. आता दुसऱ्याचं आणा. मग आईची संमती, तीही सव्वीस वर्षांच्या बाईला! मग त्याच रक्ततपासण्या पुन्हा. आठ महिने. परतताना मेट्रोत ती म्हणायची, "काय यार मामा, हा डॉक्टर आहे की तुमच्या ऑफिसातला सेक्शन ऑफिसर?" आणि मी हसायचो. हसायचो!

शेवटी तिने कुठूनतरी हार्मोनच्या गोळ्या आणून स्वतःच घ्यायला सुरुवात केली. किती घ्यायच्या, काय तपासत राहायचं, हे सांगायला कुणी नव्हतं. गाझियाबादच्या डॉक्टरबाई तिने स्वतःच शोधल्या, पण फार उशिरा. मी बाहेर बाकावर होतो. आतून पहिला प्रश्न ऐकू आला, "नाम क्या लिखूँ?" रेवा डोळे पुसत बाहेर आली. "एवढंच विचारायचं होतं हो कुणीतरी..." बाईंनी गोळ्या बंद केल्या, पायाची सूज पाहून, या गोळ्यांनी गुठळी झाली असेल म्हणून, तातडीने सोनोग्राफीला पाठवलं. मैत्रीण तिच्यासोबत गेली, मी घरी परतलो. तिथल्या रांगेतच तिचा श्वास अडकला. बाई मला नंतर म्हणाल्या, "शुरू से कोई देख रहा होता तो..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

तिच्या खोलीत कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर डॉक्टरांची नावं आणि पुढे तिचे शेरे: "हसतो." "बरा आहे, पण घरी फोन करतो." "नाव नीट लिहितात, जा." तिच्यासारख्या मुली फोन करायच्या आणि ती त्यांना वाचून दाखवायची. तिच्या मोबाइलवर ते फोन अजून येतात, मी उचलतो. परवा पानिपतच्या एकीने नेमकं माझ्या मित्राचं नाव घेतलं. "अंकल, ये कैसे हैं?" मी कागदावर बोट फिरवलं. त्या नावापुढे रेवाने लिहिलं होतं, "मुद्दाम लांबवतो. मामांनी सांगितलंय."

पोरगी वाट बघत होती. मी ती ओळ तिला हिंदीत वाचून दाखवली, सगळी.

"मामा कौन?" तिने विचारलं.

"मैं," मी म्हणालो.