पलीकडे न पोचलेल्या गोळ्या

मी टीबीच्या पेशंटना औषधं देणारी नर्स. पाचूबंदरच्या एका बोटवाल्या बाईंनी आपला नेपाळी खलाशी माझ्याकडे आणला, तेव्हा त्याला धड उभंही राहवत नव्हतं.

"बाई, याच्या पोटात पानीबी ठरत नाय," त्या म्हणाल्या. "बरा करा याला. गावाला लहान पोर हाय त्याचं."

तो बरा होत गेला. खोकला थांबला, अंग भरलं. पण पावसाळ्याआधी बोटी किनाऱ्याला ओढल्या आणि त्याच सुमारास त्याचे वडील गेल्याचा फोन आला. औषधांचा कोर्स अर्धा बाकी होता. माझ्याकडून त्याला महिनाभर पुरतील एवढ्याच गोळ्या मिळाल्या. पुढच्या तिकडे घे, असं बजावून मी त्याला पाठवलं.

तिकडे त्या मिळाल्याच नाहीत. दवाखाना गावापासून दिवसभराच्या चालीवर, आणि दरड कोसळून ती वाटही बंद. इथला कुरिअरवाला औषधं घेईना. त्याच्या गावाकडे निघालेलं कुणी सापडेना. मी फोन केला की तो मलाच धीर द्यायचा, "दीदी, अब तो ठीक हूँ."

नारळी पौर्णिमेनंतर परत आला तो नुसती हाडं घेऊन. आधीच्या गोळ्या आता लागू पडणार नाहीत, असा रिपोर्ट आला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, तीही जास्त कडक औषधांनी. त्याला उलट्या व्हायच्या. मी समोर बसून एकेक गोळी गिळायला लावायचे.

एका सकाळी त्याने फोन माझ्या हातात दिला. पलीकडे त्याची बायको होती. तिला हिंदी येत नव्हती, मला नेपाळी. पण तिच्या मागे पोर खोकत होतं, ते मला कळलं.

"मैं जाता हूँ, दीदी."

"आत्ता औषध सोडलंस तर तू वाचणार नाहीस," मी त्याला हिंदीत समजावलं. "बायकोला सांग, मुलाला घेऊन खाली दवाखान्यात जा."

"अकेली कैसे जाएगी? और बीमारी तो मैंने ही दी है."

मी कपाट उघडलं. होत्या तेवढ्या गोळ्या बांधून दिल्या. तो गेला.

तेव्हापासून त्याचा फोन लागत नाही. बोटवाल्या बाईंनाही काही कळलेलं नाही. हल्ली नव्या पेशंटला पहिली गोळी देण्याआधी मी विचारते, गाव कुठलं, कधी जाणार, घरात आणखी कुणी खोकतं का. गाव सीमेपलीकडचं निघालं की मी तिथेच अडते. कारण पुढे काय करायचं, ते मला अजून माहीत नाही.