वाऱ्याच्या तोंडाकडे : दौंडहून चेन्नईला दोघं

कुरकुंभला भाड्याच्या घरात राहायचो, तेव्हाची दुपार. मी गच्चीवर कुरडया उलटत होते आणि रसायनांच्या कारखान्याचा भोंगा झाला. यांची पहिली पाळी नुकतीच सुटली होती. डबा खाली ठेवून हे म्हणाले, "सराव हाय. पण शिकून ठेव. भोंगा झाला की पळायचं न्हाई, आधी वारा बघायचा." दोरीवर माझी साडी फुगली होती. "साडी उडती तिकडं गॅस जाणार. आपण उलटं, वाऱ्याच्या तोंडाकडं चालायचं. चुकामूक झाली तर तिकडंच भेटू." छोट्या सुनीताला कडेवर घेऊन आम्ही शेताच्या बांधापर्यंत चालून आलो. तोवर निम्म्या कुरडया कावळ्यांनी नेल्या.

निवृत्तीनंतर आम्ही दौंडला आलो आणि हे विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं. एकदा पुण्याहून येताना केडगावलाच उतरले आणि फलाटावर बसून राहिले. हे वाढतच जाणार, असं डॉक्टर म्हणाले. त्या संध्याकाळी यांनी एकच मागणं केलं, "मला एकदा समुद्र दाखव." निमोण्याच्या कोरड्या रानात वाढलेला माणूस, समुद्र पाहिला तो फक्त टीव्हीवर, त्सुनामीच्या बातम्यांत. मी तर तेव्हापासून टीव्हीवरच्या समुद्रालाही घाबरते.

चेन्नई निवडली, कारण दौंडला बसलं की थेट शेवटच्या स्टेशनवर उतरायचं. मध्ये गाडी बदलायची नाही, म्हणजे मध्ये हरवायचं नाही, हा माझा हिशोब. सुनीता फोनवर चिडली. "आई, पप्पा तिकडे हरवले तर कुणाला विचारशील? तमिळ येतं का तुला?"

"इंग्रजी येतं," मी म्हटलं. "नन्सनी छड्या मारून शिकवलंय." फोन ठेवला आणि दोन तिकिटं तिसऱ्यांदा मोजली.

तुम्ही जाणार असाल तर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्या. वाडी जंक्शननंतर गाडीत भातच भात. माझ्या पदराचं टोक यांच्या मनगटाला बांधलेलं बघून समोरची सोलापूरची बाई हसली. "आजी, आबांना पळवून न्यायला कोण बसलंय इथं?"

हे लगेच म्हणाले, "ही दहावी शिकलेली हाय, बाई. गाठ बी इंग्रजीत मारती."

सगळे हसले. मीही हसले, पण गाठ सोडली नाही.

चेन्नईत ट्रिप्लिकेन भागात लॉज घेतलं, दोघांना साडेचारशे रुपये. समुद्र चालत जाण्याइतका जवळ आहे. रिक्षाचे पैसे बसण्याआधी ठरवा. केळीच्या पानावरचं जेवण उत्तम. सांबार यांनी तीनदा मागून घेतलं. पहिला दिवस मैलापूरच्या बाजारात गेला. मी यांचा हात सोडला नाही. खरेदीही एका हाताने केली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मरिनावर गेलो. वाळू एवढी रुंद की पाणी दिसायलाच बराच वेळ लागतो. पतंग, घोडे, मिरची भजी, फुगे, माणसांचा पूर. बंदराकडून जहाजाचा भोंगा ऐकू आला. मी सुंदल घेत होते, म्हणजे खोबरं-कैरी घातलेले उकडलेले हरभरे. पुडी घ्यायला हात सोडला. वळले तर हे नव्हते.

लॉजचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी यांच्या खिशात होती, पण घामाने भिजला म्हणून तो सदरा बदललेला. घोड्यावरच्या पोलिसाला मी इंग्रजीत सांगितलं. शाळेत जसं पाठ म्हणायचे तसं, न अडखळता. त्याने विचारलं, ते कोणती भाषा बोलतात? मराठी म्हटल्यावर त्याने मान हलवली आणि तिथेच थांबायला सांगून तो गर्दीत गेला. मी हाका मारल्या. यांचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्याने घेतलं. एकही डोकं वळलं नाही.

भिरभिरी विकणारा शेजारून गेला. त्याच्या काठ्यांना बांधलेल्या झिरमिळ्या शहराकडे ताठ उडत होत्या. म्हणजे वाऱ्याचं तोंड समुद्राकडे. मला जिकडे अजिबात जायचं नव्हतं, तिकडेच.

मी चालत सुटले. चपला वाळूत रुतल्या, तिथेच टाकल्या. लाट फुटल्याचा आवाज जवळ येत होता आणि नको ते सगळं डोळ्यांपुढे येत होतं.

हे घोटाभर पाण्यात उभे होते. विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली, तोंड वाऱ्याकडे. मला बघून रागावले. "कवाची वाट बघतोय! भोंगा झाला तवाच निघायचं न्हाई का?" मग माझ्या मागे बघत म्हणाले, "सुनी कुठं हाय?"

"येतेय मागून," मी म्हटलं आणि पाण्यात उतरून यांचा हात धरला.

परत येऊन महिना झाला. तो समुद्र यांना आता आठवत नाही. माझी भीतीही गेलेली नाही. फक्त ती आता कुठल्या दिशेला चालायचं ते जाणते.

सुनीता, तू हे वाचशीलच. शिंपले निमोण्याच्या वहिनींच्या नातवंडांना. कॉफीची पूड शेजारच्या मामांना, त्यांनी तुळस जगवली. मोरपंखी सुती साडी तुला. मरिनावरून आणलेलं झिरमिळ्यांचं भिरभिरं मात्र गॅलरीच्या गजाला बांधलंय, ते हलवू नकोस. माझ्यानंतर यांना जो सांभाळेल, ते त्याचं. त्याला सांग, हे दिसेनासे झाले तर हाका मारत फिरायचं नाही. आधी वारा बघायचा.