बॅटरीकाकांचं रेकॉर्डिंग

बॅटरीकाकांचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि तो न ठेवण्याचाच त्यांना पगार मिळत होता. थिएटरात ते डोअरकीपर होते. अंधारात कुणी पडद्यावरचा सिनेमा चोरून फोनमध्ये काढू लागला, की काकांच्या बॅटरीचा झोत थेट त्याच्या तोंडावर. निवृत्तीनंतर बॅटरी सुटली, संशय सुटला नाही. दूधवाला पाणी घालतो, शेजारी आपला पेपर आधी वाचून मग दारात टाकतो. आणि जावई म्हणजे तर बोलूनचालून दहावा ग्रह, त्यात हा घरातच राहणारा.

काकूंनी उभी हयात शाळेची बस चालवली. लेकीचं लग्न व्हायचं होतं तेव्हा टीव्हीवर काकूंची मुलाखत लागली होती. काकांनी सेट-टॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावून ती रेकॉर्ड केली. पुढे काकू गेल्या, आणि ती मुलाखत लावायचा काकांना धीर होईना. आहे, जपून ठेवली आहे, एवढ्यावर ते दिवस काढत होते.

मग बॉक्स बिघडला. कंपनीचा माणूस जुना घेऊन गेला, नवा बसवून गेला. तो काम करत होता तोवर काका त्याच्या हातांवर नजर ठेवून होते. पेनड्राइव्ह तर तो यायच्या आधीच त्यांनी खिशात घातला होता. आपल्याला कुणी फसवू शकत नाही, असं वाटून त्यांना बरं वाटलं. त्याच भरात त्यांनी ठरवलं, आज बघायचंच.

मुलाखतीचं नाव दिसलं, तारीख दिसली, चित्र काही येईना. ‘हे रेकॉर्डिंग पाहण्याची परवानगी नाही.’

गेल्याच आठवड्यात जावयाने गाणी भरायला हाच पेनड्राइव्ह मागून नेला होता. झालं, चोर सापडला.

“तुम्हीच काहीतरी घोळ घातलात,” काका जेवताना म्हणाले. जावई भरल्या ताटावरून उठला.

लेकीने कंपनीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

“सर, रेकॉर्डिंगला त्या-त्या बॉक्सचं कुलूप असतं,” तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली. “दुसऱ्या बॉक्सवर चालत नाही. कॉपी होऊ नये म्हणून.”

“मग माझा जुना बॉक्स परत द्या.”

“तो मोडीत गेला, सर.”

“पेनड्राइव्ह माझा, दर महिन्याला पैसे भरणारा मी, बोलणारी माझी बायको. आणि परवानगी तुमची?”

“तुमच्यावर संशय नाही, सर. नियम सगळ्यांना सारखाच.”

हे वाक्य काकांनी थिएटरात कितीजणांना ऐकवलं होतं, कुणास ठाऊक.

चॅनेलवाल्यांनी जुने भाग ठेवलेच नव्हते. “आपण ग्राहक मंचात जाऊ, बाबा,” लेक म्हणाली.

“जाऊ. ते दंड करतील. तिला कुठून आणतील?”

संध्याकाळी काकांनी जावयाला हाक मारली आणि “माझं चुकलं” म्हणाले. ते ऐकून लेक आपला जुना फोन घेऊन आली.

“रागावू नका, बाबा. मुलाखत लागली होती ना, तेव्हा मी मागे बसून थोडी चोरून काढली होती.”

चित्र हलत होतं, पण काकू होत्या. हात स्टिअरिंगवर असल्यासारखे हवेत धरून बोलत होत्या. निवेदिकेने विचारलं, “घरच्यांचं काय म्हणणं असतं?”

काकू खुदकन हसल्या. “आमचे हे ना...”

“फोन खाली! पडद्याचं शूटिंग करायचं नाही!” काकांचाच आवाज होता. चित्र गरकन फिरलं, जमीन दिसली, संपलं.

काकांनी त्या काळ्या काचेवर दोनदा बोट आपटलं.

“पुढे काय म्हणाली ती?”

“मी फोन लपवत होते, बाबा. माझं लक्षच नव्हतं,” लेक म्हणाली. “पण तुम्ही तर टीव्हीसमोरच होतात.”

“मी तुझ्या हाताकडे बघत होतो,” काका म्हणाले.